भूकंपसिंहाची सोयरीक

परवा रद्दीवाल्याच्या गाडीवर भूकंपसिंहाचा एक जुना हिंदी कॉमिक्स सापडला. तिथंच उभा राहून पुन्हा वाचला. गोष्ट अगदीच टुकार हो! पण शहाऐंशी साली याच अंकानं आमच्या महाल मोहल्ल्यातल्या नानाजी भोंगाड्यांची भर गल्लीत गोची केली होती.

नानाजी गिरणीतून रिटायर झालेले. छंद एकच, नातं लावायचा. अनोळखी माणूस दिसला की, "कोणत्या गावचा गा? मौद्याचा? मंग तुयी आजी सावनेरची!" आणि चहा संपायच्या आत तो माणूस यांचा भाचा निघायचा. एकदा खिसा कापणाऱ्याला पकडलं, तोही दूरचा साळा निघाला. त्याला जेवू घालून पाठवावं लागलं.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी काटोलचा चंद्रभान कॉमिक्स किरायानं द्यायचा. दोरीवर अंक असे लटकवलेले, जसे वाळत घातलेले कपडे. नानाजींची लेक जया एकच अंक पुन्हा पुन्हा न्यायची. आता पोरगी हुशार, पहिल्या खेपेलाच समजत असणार. पण आपण कशाला बोला! शेवटी चंद्रभानच्या आईनं, रुखमाबाईनं, जयाला रीतसर मागणी घातली.

नानाजींनी नातं लावलं आणि मोडता घातला. "रुखमा म्हंजे जयाच्या मायची चुलतबहीण. तू जयाचा मावसभाऊ झाला. मामाची पोरगी चालते, मावशीची चालत नाई. खतम!"

"पण नानाजी, मले तर तिनं दत्तक घेतलं. मी तिच्या जावेचा पोरगा."

"ओटीत घेतला का झाला पोटचा. नातं म्हंजे नातं!"

चंद्रभाननं हात टेकले. जया गप्प बसणारी नव्हती. ती बापासाठी भूकंपसिंहाचे अंक घरी आणू लागली. नातं लावायच्या छंदिष्टापुढे असा हिरो, ज्याचे मायबाप दर अंकात बदलतात! पहिल्या अंकात तो कोळणीचं पोर, तिसऱ्यात पाताळाच्या राणीचा हरवलेला मुलगा, पाचव्यात दुष्ट कालभुजंग त्याचा बाप, आणि सहाव्यात तोच चुलता. नानाजींचं जेवणात लक्ष लागेना. रोज सकाळी दुकानाच्या बाकावर येऊन भांडायचे, "हा भुजंग चुलता असन, तर राणी त्याची भावजय. मंग भुजंग तिले माय काहून म्हणून राहिला? लिहिणाऱ्याच्या घरी कोणी मोठं माणूस नाई काय?"

मग भूकंपसिंहाचं बिजलीशी लग्न ठरल्याचा अंक आला. ही बिजली कोण, तर कोळणीच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. बाकावर आम्ही सगळे बसलेलो. जयानं अगदी गरीब तोंड करून विचारलं, "बाबा, हे लगन होत नाई ना? मावसबहीण हाये त्याची."

"काहून नाई होत वं?" नानाजी उसळले. इतके अंक वाचून हिरो त्यांना घरचाच झाला होता. "कोळणीनं फकस्त पाळलं. रक्त राणीचं! बिजली त्याची काईच लागत नाई. लावा म्हणा बिनघोर!"

"मंग रुखमामावशीनंबी पाळलंच ना, बाबा?"

चंद्रभान उगाचच दोरी घट्ट करू लागला.

"तो भूकंपसिंह हाये," नानाजी म्हणाले. "तो उडते. हा सायकलनं फिरते."

"उडणाऱ्याइले नात्याचा येगळा कायदा हाये का?"

नानाजींनी चष्मा पुसला. दहाजणांदेखत दिलेला निकाल फिरवला, तर उद्या नातं विचारायला कोण येणार? त्यांनी अंक मागितला आणि पळवाट शोधत पहिल्या पानापासून वाचायला घेतला. आम्ही चहा मागवला. पळवाट काही सापडली नाही.

"रुखमाले निरोप धाडा," ते कुरकुरले. "सोयरीक जमते. पण लुगडं एकच देईन! विहिणीचं येगळं अन् मावशीचं येगळं, असं मिळणार नाई!"

लग्न थाटात झालं. फक्त पंगतीच्या वेळी रुखमाबाई रिवाजाप्रमाणे रुसल्या. रुसलेल्या विहिणीची समजूत काढायला त्यांच्यात नवरीच्या मावशीला धाडतात, आणि नवरीला मावशी ही एकच. सगळा मांडव नानाजींकडे बघू लागला. नानाजी म्हणाले, "मले इचारू नका."

शेवटी रुखमाबाईंनी स्वतःच स्वतःची समजूत काढली. तीसुद्धा चांगला भाव खाऊन.