पिशवीतली कुंची

आमच्या प्रसूतिगृहाच्या हेड सिस्टरचा फोन आला तेव्हा मी फुशारूनच गेले, खोटं कशाला सांगू. म्हणाली, "अज्जी, मुलींचं ट्रेनिंग ठेवलंय. ज्यांचं बाळ पोटातच जातं, नाहीतर जन्मताच जातं, त्या बायकांशी आणि घरच्यांशी कसं वागायचं, ते शिकवायला एक मॅडम येणार आहेत. तुमच्याइतका अनुभव कुणाला आहे? येऊन दोन शब्द सांगा."

मी काही कागदावरची नर्स नव्हे. कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकले आणि पुढे इथेच, म्हैसुरातल्या याच लहानशा प्रसूतिगृहात आया म्हणून लागले. डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली बघत बघत सगळं शिकले. शेवटी शेवटी तर नव्या सिस्टर मलाच विचारायच्या. आणि ख्याती कशाची म्हणाल, तर बोलण्याची. एखादीचं बाळ गेलं की डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "हिला पाठवा. ही बोलून बोलून तिला विसरायला लावेल." मला त्याचा अभिमान होता हो. आता लिहितानाही लाज वाटते, पण होता.

तर ट्रेनिंगच्या दिवशी ठेवणीतली रेशमी साडी नेसून मी गेले. वरच्या मजल्यावरच्या खोलीत बारा-पंधरा मुली होत्या. काही इथल्या नर्स, काही सरगूर, बैलकुप्पेकडून आलेल्या सुईणी. शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेल्या. मी मराठी आहे कळल्यावर खूश झाल्या.

"आजी, तुमची मराठी किती गोड आहे!"

"गोड म्हणजे चुकीची, होय ना?" मी म्हटलं. त्या लाजल्या आणि हसल्या.

मग मी उभी राहून कन्नडमध्ये सांगायला लागले. म्हटलं, मुलींनो, पहिलं काम म्हणजे आईनं बघायच्या आत बाळ तिथून हलवायचं. बघितलं की मन अडकतं. दुसरं, बाळाचं जे काही सामान तिनं आणलं असेल, टोपडं, दुपटं, ते नजरेआड करायचं. तिसऱ्या दिवशी दूध उतरतं, तेव्हा ते आटावं म्हणून मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, फुलं छातीवर ठेवून घट्ट बांधायची. आणि बोलत राहायचं. सासूबद्दल बोला, भाजीबद्दल बोला, पण तिला गप्प बसू देऊ नका.

मुली भराभर वहीत लिहून घेत होत्या. मला काय वाटलं सांगू? वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

"हे आत्ताच लिहू नका हं," मॅडम म्हणाल्या. इतक्या हळू म्हणाल्या की मला आधी कळलंच नाही, आपल्याला थांबवलंय ते.

मग त्यांनी त्यांची पद्धत सांगितली. बाळ न्यायच्या आधी आईबापांना विचारायचं, बघायचंय का, जवळ घ्यायचंय का. ती आत्ता नको म्हणाली तर थोड्या वेळानं पुन्हा विचारायचं. हवा असेल तर पावलाचा ठसा घेऊन द्यायचा. तिची खाट बाळंतिणींच्या वॉर्डात ठेवायची नाही. दुधाचं आधीच समजावून सांगायचं. 'दुसरं होईल' असं म्हणायचं नाही. मी मनात मोजत होते, यातलं मी काय काय केलं. एकही नाही. तरी आत घमेंड होतीच. म्हटलं, ही कालची पोर, हिला काय ठाऊक.

मग त्यांनी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. सरगूरची एक मुलगी आई झाली, मी नर्स. नियम एकच, दोन मिनिटं तिच्याजवळ बसायचं आणि आपण होऊन काही बोलायचं नाही.

अय्यो, दोन मिनिटं! अर्धं मिनिटसुद्धा झालं नसेल, मी विचारलं, "जेवलीस का गं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. ती मुलगी मात्र हसली नाही. मान खाली घालून म्हणाली, "अक्का, माझं बाळ कसं होतं दिसायला?"

आणि माझ्या तोंडून पटकन गेलं, "बघण्यासारखं काही नव्हतं गं."

हे वाक्य मी किती जणींना म्हटलं असेल, देव जाणे. पण त्या क्षणी मला आठवली ती एकच. माझी मुलगी.

चौदा वर्षं झाली. तिचं पहिलं बाळंतपण, आठवा महिना सरत आलेला, आणि पोटातली हालचाल थांबली. आमच्याच प्रसूतिगृहात झालं सगळं. मुलगा होता. तो मीच उचलला, दवाखान्याच्या हिरव्या कापडात गुंडाळला आणि मीच मागच्या दारानं बाहेर नेऊन जावयाच्या हातात दिला. तिनं विचारलं, "आई, कसा होता?" तेव्हा मी हेच म्हटलं. बघण्यासारखं काही नव्हतं.

तिनं बाळासाठी कुंची शिवली होती. देवराज मोहल्ल्यातल्या शिंप्याकडून रेशमाचे तुकडे मागून आणले होते आणि हातानं शिवली होती, पाठीवर सोडायच्या झालरीसकट. ती पिशवीत होती. तिच्या नजरेला पडू नये म्हणून मी त्याच संध्याकाळी पलीकडच्या खाटेवरच्या बाळंतिणीला देऊन टाकली. नंतर मुलीनं विचारलं, कुंची कुठे गेली? मी म्हटलं, "धुवायला दिलेल्या कपड्यांत हरवली बहुतेक." आणि लगेच दुसरा विषय काढला.

"आजी?" मॅडम विचारत होत्या, "काही नव्हतं का खरंच?"

मी मराठीतच बोलले. "होतं हो. कपाळावर केस होते भरपूर. हनुवटी माझ्या मुलीची होती." बाकीच्या मुलींना काही कळलं नाही. मॅडमना कळलं. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि मला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. रेशमी साडी नेसून आले होते मी!

रविवारी मुलीकडे गेले. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते, शाळेत शिकवते. नंतर तिला मुलगी झाली, ती आता अकराची आहे. ती नाचाच्या क्लासला गेली होती, जावई बाहेर. माझी मुलगी भिजवलेले अवरेकाळू, म्हणजे पावट्याचे दाणे, सोलत बसली होती. मीही बसले. दाणा चिमटीत दाबला की साल हातात राहते आणि आतलं टपकन पातेल्यात पडतं. तेवढाच आवाज चालला होता.

"आई, बरं नाही का तुला?" ती म्हणाली. "दहा मिनिटं झाली. तू अजून माझ्या केसांवरूनसुद्धा बोलली नाहीस."

ही तिची थट्टा. तिच्या केसांत मल्लिगेचा गजरा कधी नसतो म्हणून मी दर सणाला तिला टोचते. एवढं म्हैसुरात राहून, बाजारात फुलांचे ढीग असून, बोडकीसारखी काय फिरतेस! चौदा वर्षं टोचतेय. ती फुलं मीच तिच्या छातीवर बांधली होती, हे माझ्या लक्षात यायला ट्रेनिंगचा दिवस उजाडावा लागला.

मग मी सांगितलं. केस, हनुवटी, कुंची कुणाला दिली ते. सगळं. तिचे हात थांबले.

"एवढी वर्षं तू माझ्याशी बोलतेयस," ती म्हणाली. "गॅस सिलिंडरवर बोललीस, शेजारणीच्या सुनेवर बोललीस. हेच तेवढं राहिलं?"

मी म्हटलं, "तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"ते नको." ती उठून आत गेली. नळ बराच वेळ वाहत होता. मला वाटलं, आता ती येऊन म्हणेल, जा घरी. ती आली, पुन्हा समोर बसली. म्हणाली, "परत सांग. पहिल्यापासून. आणि पदरचं काही घालू नकोस, जे होतं तेवढंच."

तेवढंच सांगितलं. डोळे मिटलेले. डाव्या हाताची मूठ बंद, उजव्या हाताची उघडी. नखं लांब होती. रंग सांगताना मी अडखळले, पण तोही खराच सांगितला.

"किती वेळ होता तुझ्याकडे?"

"खोलीतून मागच्या दारापर्यंत."

"तेवढ्यात काय केलंस?"

"बोलत होते," मी म्हटलं.

"कुणाशी?"

"त्याच्याशीच. सवय माझी. म्हटलं, बाहेर थंडी आहे हं बाळा, नीट गुंडाळून घे."

ती अगदी हळू म्हणाली, "थंडी आहे म्हणालीस. आणि कुंची पिशवीत होती."

ओठापर्यंत खूप काही आलं. त्या वेळी तसंच करायचे, मला तरी कुणी शिकवलं होतं, मीही आजीच होते त्याची. सगळं खरं. पण एकही शब्द बाहेर काढला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी पातेल्यात पडत होतं आणि मी नुसती बसले होते, हातात एक दाणा धरून.

तिनं मला जवळ घेतलं नाही. जा असंही म्हणाली नाही. मग तिनं पातेलं आमच्या दोघींच्या मध्ये सरकवलं आणि पुन्हा सोलायला लागली.