पिस्तुलावरचं कुंकू

आमच्या पिस्तूल क्लबातल्या काकांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, की तुझा हात चांगला आहे, बाकी सगळं भिकार आहे. मला इतकं बरं वाटलं, की मी त्याच दिवशी सभासद झाले.

सिडनीत येऊन वीसेक वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात तोंडावर वाईट असं मला कुणी बोललं नव्हतं. ऑफिसात माझ्या चुकीने अख्खी सिस्टीम झोपली तरी मॅनेजर हसून 'नो वरीज' म्हणायचा आणि मग ते काम गुपचूप दुसऱ्या कुणाकडे जायचं. मी पुण्याची. आमच्याकडे दुकानदारसुद्धा गिऱ्हाइकाच्या चुका काढतो आणि गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानात जातं. त्यामुळे कुणीतरी सरळ 'भिकार' म्हणाल्यावर मला माहेरी आल्यासारखं झालं.

काका हा शब्द माझ्या मनातला. क्लबात सगळे त्यांना नावाने हाक मारतात, मीही मारते, पण वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारताना जीभ अजून अडखळते. इथलेच ऑस्ट्रेलियन, ऐंशी ओलांडलेले, जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेले आणि बहुतेक तेवढीच वर्षं नेमबाजी केलेले. मी कॉलेजात एनसीसीत रायफल चालवली होती. पुढे लग्न, व्हिसा, नोकरी, मुलगी या रांगेत ती मागे पडली. मुलगी युनिव्हर्सिटीत गेली, शनिवार रिकामे झाले आणि मी लायसन्सच्या मागे लागले. नवरा म्हणाला, "आपल्या गिरावीनमधल्या बाकीच्या बायका झुंबाला जातात." मी म्हटलं, "त्यांचे नवरे नशीबवान."

काकांचं पिस्तूल साठच्या दशकातलं, युरोपात बनलेलं. कागदी निशाण्यावर एकेक गोळी सावकाश मारायच्या स्पर्धांसाठीचं. लांब नळी, निळसर काळं पोलाद आणि अक्रोडाच्या लाकडाची मूठ. मुठीवर अंगठा टेकतो तिथे लाकूड झिजून खोलगट झालं होतं. असली पिस्तुलं आता संग्राहकांच्या घरी काचेआड असतात. काकांना ते पटत नसे. त्यांचं म्हणणं, वापरातली वस्तूच सांभाळली जाते, कारण ती रोज पुसावी लागते.

वर्षभर क्लबाच्या पिस्तुलावर हात बसवल्यावर त्यांनी मला आपलं चालवायला दिलं. निशाण्याकडे बघायचं नाही, ही त्यांची सगळ्यात अवघड शिकवण. नळीच्या टोकावर जो बारीक उंचवटा असतो, ज्याला आपण माशी म्हणतो, तिच्याकडे बघायचं. निशाणा धूसर दिसला तरी चालेल. चाप ओढायचा नाही, बोट नुसतं जड होऊ द्यायचं आणि गोळी सुटली की आपल्यालाच नवल वाटलं पाहिजे. मी ओढत असे. "दार उघडतेयस का?" काका मागून विचारायचे.

तासभर नेमबाजी झाली की धुणीभांडी. नळीतून आधी ब्रश, मग कापडाचे तुकडे, ते स्वच्छ निघेपर्यंत. उघडं बोट जिथे जिथे पोलादाला लागलं असेल ती जागा पुसायची, कारण घामात मीठ असतं. तेल इतकंच, की ते दिसता कामा नये. चामड्याच्या किंवा फोमच्या केसमध्ये ठेवून द्यायचं नाही, ओल धरते. आत गोळी नसताना चाप ओढायचा नाही, कारण आतली पिन मोडली तर तसली आता कुणी बनवत नाही. मला हे सगळं आवडायचं. आमच्या घरी बाबा स्कूटर अशीच पुसायचे, चालवण्यापेक्षा जास्त वेळ.

क्लबात कॅसल हिलहून एक तरुण इंजिनियर यायचा. तो आपलं पिस्तूल न पुसताच केसमध्ये टाकायचा. काका त्याच्यावर ओरडायचे, तो हसून मान डोलवायचा आणि पुन्हा तेच करायचा. एका शनिवारी काकांनी त्याच्या केसमध्ये डोकावून पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "नो वरीज, मेट." त्यानंतर ते त्याच्या टेबलाकडे कधी फिरकले नाहीत. त्या बिचाऱ्याला वाटलं, काका निवळले. मला मात्र कळलं, की या माणसाच्या तोंडी हे दोन शब्द येणं म्हणजे आपलं नाव कटणं.

मग काकांचे डोळे गेले. सगळे नाही. कडेचं दिसे, मधलं दिसेना. ज्याने जन्मभर माशीवर नजर ठेवली त्याला नेमकी माशीच दिसेनाशी झाली. मुलगा पर्थला, त्याला यात रस नाही. लायसन्स सोडायचं तर पिस्तूल लायसन्सवाल्या कुणाच्या तरी नावावर करायचं, नाहीतर पोलिसांना देऊन टाकायचं, म्हणजे ते वितळवलं जाणार. क्लबात चहा पिताना काकांनी मला विचारलं, "तू सांभाळशील?" क्लबात माझ्यापेक्षा चांगले नेमबाज होते. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "ते मला माहीत आहे. मी सांभाळायचं विचारतोय."

परवानगी यायला महिने लागले. पोलीस येऊन तिजोरी बघून गेले आणि पिस्तूल गिरावीनला आलं. काका वृद्धाश्रमात राहायला गेले. दर शनिवारी मी त्यांना गाडीतून क्लबात नेते. ते माझ्या मागे खुर्ची टाकून बसतात आणि नुसत्या आवाजावरून माझ्या चुका सांगतात. शेवटी मी पिस्तूल रिकामं करून, पुसून त्यांच्या हातात देते. ते अंगठ्याने सावकाश सगळीकडे फिरून येतात आणि परत देतात. काही बोलत नाहीत, म्हणजे पास.

गेल्या वर्षी खंडेनवमीला पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला.

"पिस्तूल कुठंय?"

"तिजोरीत."

"घरात शस्त्र आहे आणि आजच्या दिवशी ते तिजोरीत? काढ बाहेर."

"आई, ते शस्त्र नाही गं, स्पोर्टचं आहे."

"गोळी सुटते ना त्यातून? मग पाट मांड."

खरं तर मलाही ते हवंच होतं. पेंडल हिलच्या भारतीय दुकानातून झेंडू मी आधीच आणला होता. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून पाटावर ठेवलं. आई फोनवरून सांगत गेली तसं फुलाने पाणी शिंपडलं, बोट ओलं करून हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, निरांजनाने ओवाळलं. मुलगी दारातून "मॉम, दॅट्स सो वियर्ड" म्हणाली आणि फोटो काढून गेली. नवरा म्हणाला, मला कधी असं ओवाळलं नाहीस.

"आता उद्यापर्यंत पुसायचं नाही," आई म्हणाली. "पूजेतलं आहे."

पिस्तूल पाटावर रात्रभर उघडं ठेवणं इथल्या कायद्यात बसत नाही. मी आईचंही राखलं आणि कायद्याचंही. कुंकवासकट, पाकळ्यांसकट ते उचलून तिजोरीत ठेवलं आणि तिजोरी बंद केली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला घरभर पाहुणे. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात नव्या सिस्टीमचं गो-लाइव्ह. तिजोरी उघडली ती थेट शनिवारी सकाळी.

कुंकू पुसलं तर खाली गंज. तपकिरी, गोल, बरोबर माझ्या बोटाच्या पेराएवढा. शेजारी पाकळीच्या आकाराचा आणखी एक. कापडाने घासलं तर गंजाबरोबर निळा रंगही निघायला लागला. मी घाबरून हात मागे घेतला. साठ वर्षं ज्या पोलादाला डाग लागला नव्हता, ते माझ्या घरी येऊन वर्षही झालं नव्हतं.

काकांना घ्यायला गेले. ते गाडीत बसून पावसाबद्दल, क्लबाच्या रेंजवर डोक्यावर झडप घालणाऱ्या मॅगपाय पक्ष्यांबद्दल बोलत होते. माझ्या मनात एकच. त्यांना दिसत नाही, पण अंगठ्याला कळणार. आज पिस्तूल काढलंच नाही तर? पण मला खरी भीती ओरडण्याची नव्हती. ते मऊ आवाजात 'नो वरीज' म्हणतील, याची होती. मग मी पुढच्या शनिवारी त्यांना न्यायला जाईन, ते छान हसतील, आणि कॅसल हिलच्या त्या मुलासारखी मीही परकी झालेली असेन.

क्लबात पोचल्यावर गोळी मारायच्या आधीच मी पिस्तूल त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "याला गंज लागलाय. मी लावलाय."

त्यांचा अंगठा फिरत गेला आणि त्या जागेवर थांबला.

"काय लावलंस यावर?"

"हळद, कुंकू. आणि पाणी."

"पाणी," काका म्हणाले. आणि मग सुरू झाले. पोलादावर पाणी? वर तिजोरी बंद? आठवडाभर? दहा वर्षांच्या पोरांना कळतं ते तुला कळत नाही? कुणी सांगितलं हे करायला? मी म्हटलं, आईने. तर आईला पोलादातलं काय कळतं, आणि तुला कळत होतं तर तू का ऐकलंस? आवाज इतका चढला, की रेंजवरची माणसं आपापल्या चहाच्या कपात बघायला लागली. इथे असं कुणी कुणाला बोलत नाही. मी उभ्या उभ्या रडायला लागले.

"रडायला काय झालं?"

"तुम्ही नो वरीज म्हणाला नाहीत."

"बऱ्याच वरीज आहेत," काका म्हणाले. "बस खाली. तेल काढ."

त्या दिवशी मी एकही गोळी मारली नाही. अगदी बारीक स्टील वूल तेलात भिजवून त्यांनी मला डाग घासायला लावला, दाब न देता, आणि स्वतः कान लावून बसले. "खरखर आहे अजून," म्हणायचे. खरखर संपल्यावर म्हणाले, "आता थांब." गंज गेला. रंग गेला तिथे फिकट गोल राहिला. मी म्हटलं, संग्राहक बघतील तर नाक मुरडतील. "मुठीवरचा खड्डा माझा," काका म्हणाले, "हा तुझा." परत जाताना गाडीत त्यांनी विचारलं, की ही पूजा असते तरी कशासाठी. मी सांगितलं, जे वर्षभर आपल्यासाठी राबतं त्याला एक दिवस सुट्टी द्यायची आणि त्याचे आभार मानायचे.

यंदाच्या खंडेनवमीला मी त्यांनाच घरी आणलं. पाटावर पिस्तूल, समोर खुर्चीत काका, फोनवर आई. मी पाण्याच्या वाटीकडे हात नेला तसे काका कडाडले, "नो वॉटर!"

"काय म्हणतायत ते?" आईने विचारलं.

"पाणी नको म्हणतायत. गंज लागतो."

आईने जरा विचार केला. "मग पिस्तुलाला राहू दे. फूल बाजूला ठेव आणि कुंकू त्यांच्या हाताला लाव. इतकी वर्षं राबला तो हातच ना?"

मी काकांना तिचं बोलणं सांगितलं. त्यांनी उजवा हात पुढे केला. मी बोट ओलं करून त्यांच्या अंगठ्यावर हळदकुंकू लावलं आणि वाकून नमस्कार केला. त्यांनी विचारलं, की आता याचे नियम काय. मी आईचा नियम सांगितला.

संध्याकाळी त्यांना सोडायला गेले. जेवणाआधी हात पुसायला नर्स ओला रुमाल घेऊन आली. काकांनी हात झटकन छातीशी घेतला.

"उद्यापर्यंत पुसायचं नाही," ते तिला म्हणाले, माझ्यावर ओरडतात त्याच आवाजात.