मावशींचा पेला आणि मागच्या अंगणातली पेटी

फोन आला तेव्हा मी लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात खोक्यांना चिकटपट्टी लावत होते. प्रकाशदादा एवढंच म्हणाले, "आई गेली गं. झोपेतच." खोटं कशाला लिहू, आधी सुटल्यासारखंच वाटलं... कारण पावसाळाभर मावशींचा श्वास छातीत अडकताना मी भिंतीपलीकडून ऐकला होता. रडू आलं ते नंतर, कार्ल्याला उतरून गल्लीत शिरल्यावर.

सुमनमावशी माझ्या घरमालकीण, प्रकाशदादा त्यांचा मुलगा. मी परभणीकडची. सातवीत शाळा सुटली, पुढे कामासाठी इतक्या लांब आले आणि त्यांच्या मागच्या खोलीत राहिले. मला भीती कशाचीही वाटते. गॅस बंद केला का, आईनं फोन का उचलला नाही, दुकानातून काढून तर टाकणार नाहीत... मावशी म्हणायच्या, "काळजी करायचा पगार मिळाला आसता ना, तर तू बंगला बांधला आसतास." आणि मग हाताला धरून मागच्या अंगणात न्यायच्या.

तिथं त्यांची मधमाश्यांची पेटी होती. आत सातेरी माश्या. जात लहान, पण जरा मनाविरुद्ध झालं की घर सोडून निघून जाणारी. दिवाळी झाली की मावशी थंडीची तयारी काढायच्या. पोळ्याच्या ज्या चौकटींवर माश्या नसतील त्या काढून घ्यायच्या, नाहीतर मेणकिडा लागतो. पेटीचं दार लाकडाची पट्टी लावून बोटभर ठेवायचं. वर गोणपाट. माश्यांना धूर द्यायचं धुराडं घासून, जाळीची टोपी उन्हात वाळवून पत्र्याच्या पेटाऱ्यात. आणि त्यानंतर झाकणाला हात लावायचा नाही. "आतली ऊब त्यांनी आंग घासून केलेली आसती. आपण ती वाऱ्यावर सोडायची व्हय?"

"मग आत बऱ्या आहेत हे कळणार कसं?" मी विचारलं होतं.

त्यांनी हातातला चहा संपवला, स्टीलचा पेला झटकला, त्याचं तोंड पेटीला लावलं आणि बुडाला कान. "हितं ये. ऐक. डाक्टरीणबाई झालीस बघ."

मावशींसाठी वंदना घ्यायची होती त्या पुण्यानुमोदनाच्या सकाळी मांडववाल्यांना मागच्या अंगणात खुर्च्या मांडायला जागा हवी होती. माश्या बाहेर पडायच्या आत त्यांनी पेटी उचलून पार पलीकडच्या भिंतीशी नेऊन ठेवली. मी चहाच्या गडबडीत. ऊन आलं तशा माश्या बाहेर गेल्या आणि परतल्या त्या जुन्या जागी, भरल्या खुर्च्यांवर घिरट्या घालत. दादांची एक चुलती डोळ्याला पदर लावून म्हणाली, "सुमनला हुडकत्यात गं..." सगळ्यांनाच भरून आलं. पण मला माहीत होतं, त्या मावशींना नाही, घराला शोधत होत्या. ते सापडलं नाही तर संध्याकाळच्या गारठ्यात पडून मरणार होत्या.

एवढ्या माणसांत तोंड उघडायची माझी छाती नव्हती. तरी दादांपाशी गेले. "पेटी जागेवर न्यायला पाहिजे."

"आत्ता?"

"आत्ताच."

दादांनी पाहुण्यांकडे पाहिलं, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि पेटीचं एक टोक धरलं. "उठा मामा," ते म्हणाले, "आईची माणसं आलीत." हसू आणि रडू एकदमच झालं. खुर्च्या सरकल्या. पेटी टेकवली तशी माश्यांची धार दारातून आत गेली. वंदना झाली ती पेटी मधोमध ठेवूनच.

पण दुखावलेली वसाहत टिकेल का? साखरेचा पाक ठेवला, रिकाम्या चौकटी काढल्या, दार बारीक केलं, गोणपाट टाकलं. सगळं मावशींसारखं, पण पहिल्यांदाच एकटीनं. परवा कडाक्याची थंडी पडली. ऊन वर आलं तरी दारात एक माशी दिसेना. गेल्या, मला वाटलं. माझ्याच हातून गेल्या. हात झाकणावर गेलासुद्धा... आणि तिथंच थांबला.

घरात जाऊन पेला आणला. कान लावला. आधी माझंच काळीज ऐकू आलं. मग त्याच्या मागून, खूप आतून, ती संथ, एकसारखी गुणगुण. मी तिथंच फरशीवर बसले. किती दिवसांनी पूर्ण श्वास घेतला.

दादांचा फोन आला. "आहेत?"

"आहेत."

बाकीचं सामान त्यांनी नेलं, पेला माझ्याकडेच ठेवला. सकाळचा चहा मी आता त्यातच पिते. पेला ऊन असला की कानाला गार लागत नाही. मावशी चहा संपवूनच का ऐकायच्या, ते आता कळलं.