खंडाच्या दिवशीचं अक्षर

"नारळ घ्या, शाल घ्या आणि इथं सही करा." हेडक्लार्क म्हणाला. मला बसही म्हणाला नाही. समोर खुर्ची होती, तिच्यावर त्याची जेवणाची पिशवी ठेवलेली.

कागदावर लिहिलेलं, मी स्वखुशीनं काम सोडत्येय. स्वखुशीनं! सोळा वर्षं खाडीच्या या सरकारी धक्क्यावर रोजंदारीवर काढली. धक्क्याला ठोकलेल्या मोजपट्टीवरचं पाणी वाचायचं, वहीत लिहायचं. भरती किती, ओहोटी किती. आता तिथं यंत्र बसवलं आणि मला काढलं.

"काढलं तर नुकसानभरपाई हाय ना?" मी विचारलं.

"कसली? सेवा सलग कुठाय तुमची? दर अकरा महिन्यांनी एक दिवसाचा खंड आहे. तुम्हा लोकांना सगळं फुकटच लागतं."

तुम्हा लोकांना. बौद्धवाडीतली म्हणून हे लहानपणापासून ऐकत आलेय, आणि गिळत आलेय. त्या दिवशीही गिळलं. लाज वाटते सांगायला.

सही केली तर ठेकेदाराकडे झाडूकाम मिळणार होतं, याच धक्क्यावर. नाही केली तर तेही गेलं. घरात मिळवती मी एकटी. सगळ्या वाटा बंद. पेन हातात घेतलंसुद्धा.

पण खंड म्हणजे काय, ते ऐका. त्या एका दिवशी मस्टरवर माझं नाव नसायचं. आदल्या संध्याकाळी हाच माणूस सांगायचा, "उद्या खंड आहे, मस्टरवर सही करू नका. पाणी तेवढं लिहून जा." आणि मी येडी, जायचे! बिनपगारी. भरती काय खंड पाळते?

मी पेन खाली ठेवलं.

"भाऊसाहेब, कपाटातल्या भरतीच्या वह्या काढा. खंडाच्या दिवशी अक्षर कुणाचं हाय, वाचा बघू."

त्याचा चेहरा पडला. "त्या वह्या ऑफिसच्या आहेत."

"अक्षर माझं हाय. त्या दिवशीबी मी कामावर होते, मग सेवा तुटली कुठं?"

तिथंच माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला. सगळ्या वह्यांच्या नकला द्या. पोच घेतल्याशिवाय हलले नाही. झाडूकाम ठेकेदारानं त्याच दुपारी दुसरीला दिलं.

उद्या चुलीवर काय ठेवू, ठाऊक न्हाय. भीती वाटते. पण कचेरीला माझं एकच सांगणं: मी काम सोडलं नाही, तुम्ही काढलंत. ते तुमच्या हातानं लिहून द्या. तोवर रोज दहाला कचेरी उघडेल, तेव्हा मी दारात असेन.