विहिरीचा तुकडा

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर वाचले ते हसण्यासाठी. आमच्या घरात देव्हारा नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवसापासून अंगारे-धुपारे, उतारे, कौल... सगळं उंबऱ्याबाहेर. वर मी शिकवतो कम्प्यूटर. यंत्र अडलं की त्याला कारण असतंच, शोधणारा आळशी असतो, हे वाक्य माझ्या वर्गातल्या पोरांना पाठ आहे. त्यामुळे खालची हकिगत लिहिताना जरा लाजच वाटते आहे.

मी तुळजापूर तालुक्यातल्या एका कॉलेजात आहे. (नाव देत नाही, नोकरी करायची आहे.) आमच्या लॅबमधले जुने डेस्कटॉप भंगारात निघाले होते. प्राचार्यांच्या मागे लागून मी ते ठेवून घेतले. एकेकटा कम्प्यूटर मरतुकडाच. पण सगळे केबलने एकमेकांना जोडले आणि मोठं गणित तुकडे करून वाटून दिलं, की मिळून ते सुपरकम्प्यूटरसारखं काम ओढतात. याला क्लस्टर म्हणतात. पत्र्याच्या खोलीत, लोखंडी मांडण्यांवर, दोन कूलर लावून मी हे उभं केलं. सगळे एकदम कामाला लागले की पंख्यांचा असा घोंगाट व्हायचा की शेजारच्या वर्गातून तक्रार यायची. मला मात्र तो आवाज फार आवडायचा.

पहिलं खरं काम आणलं ते भूगर्भशास्त्राच्या स्वामी मॅडमनी. जमिनीत वीज सोडून खालचा खडक कसा आहे ते मोजायचं यंत्र त्यांच्याकडे आहे. रीडिंग पुष्कळ, गणित किचकट. जागा निवडली आमचंच जळकोटचं रान, कारण थोरले बंधू – आम्ही त्यांना अण्णा म्हणतो – तिथं विहीर खोदत होते. अर्धी झाली होती, पाण्याचा पत्ता नव्हता. अजून खाली जावं की सोडून द्यावं, एवढंच त्यांना हवं होतं. साठी जवळ आली तरी मजुरांबरोबर रोज स्वतः खाली उतरायचे. वहिनी बोलून थकल्या होत्या.

मी नकाशावर रानाचे तुकडे पाडले आणि एकेका कम्प्यूटरला एकेक दिला. सगळे पूर्ण झाले... एक सोडून.

असं होतं कधीकधी. तो तुकडा दुसऱ्या कम्प्यूटरला दिला. तोही तिथंच थांबला. केबल बदलली, रॅम बदलली. शेवटी क्लस्टरच्या बाहेर, माझ्या लॅपटॉपवर चालवला. तोच प्रकार. स्क्रीनवर काम पूर्ण जोरात चालू दिसायचं, पण पंखा गप्प. हात लावून पाहिलं तर लॅपटॉप गार. एवढ्या कामाला जुंपलेलं यंत्र गार कसं राहील?

मग त्या तुकड्याचे चार तुकडे केले. तीन चालले, एक अडकला. अडकलेल्याचे पुन्हा चार केले, पुन्हा तीन चालले आणि एक अडकला. असं करत करत शेवटी अंगणाएवढी जागा उरली. मॅडमनी ती नकाशावर पेन्सिलीने दाखवली.

"सर, ही तुमच्या अण्णांची विहीर आहे."

"रीडिंग खराब आली असतील," मी म्हणालो.

"रीडिंग मी स्वतः घेतलीत. त्यांना थांबवा. मला कारण विचारू नका, मला माहीत नाही."

मी फोन लावला. अण्णांनी माझ्या आधीच सुरुवात केली. "झाला का नकाशा? यारीवाला उद्या दुसऱ्या गावाला चाललाय." यारी म्हणजे विहिरीतला दगड-मुरूम वर ओढायचं यंत्र. "आज एक थर काढून घेतो म्हनलं. आता उतरायलाच निघालो होतो."

"अण्णा, थोडं थांबा. तुमच्या विहिरीचाच तुकडा अडकलाय. तो आल्याशिवाय उतरू नका."

"तुझ्या कम्प्यूटरला भ्या वाटतंय व्हय?" अण्णा हसले. "बरं. भाकरी खाऊन घेतो तवर. लई येळ लावू नको, मानसं खोळंबल्यात."

आम्ही दोघं बसून राहिलो. भर दुपार होती, मैदानावर पोरं क्रिकेट खेळत होती. मला स्वतःचाच राग येत होता. शिकलासवरलेला माणूस, आणि एका अडलेल्या यंत्रापायी मजुरांना ताटकळत ठेवलं होतं.

अचानक, ज्या कम्प्यूटरवर तो तुकडा अडकला होता त्याचा पंखा घोंगावायला लागला. कुणी हात लावला नव्हता. आकडे भराभर सरकले आणि तुकडा पूर्ण झाला. नकाशा उघडला – खाली सलग, टणक, काळा पाषाण. कुठं भेग नाही, पोकळी नाही, बाजूही भक्कम. मॅडमनी पुन्हा तपासला. मला एवढं हायसं वाटलं की मी लगेच फोन लावला.

"अण्णा, आला नकाशा. खडक पक्का आहे. उतरा बिनधास्त."

पलीकडून नुसता वारा ऐकू येत होता. मागं कुणीतरी मोठमोठ्यानं बोलत होतं. मग अण्णा बोलले, पण त्यांचा आवाज मला ओळखूच येईना.

"कशात उतरू? हीर बसली आत्ता."

विहिरीची एक अख्खी बाजू यारीसकट आत गेली होती. माणसं लिंबाखाली भाकरी खात होती म्हणून वाचली. मी पोचलो तेव्हा अण्णा काठापासून लांब बसले होते. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

नंतर तोच तुकडा, तीच रीडिंग, तोच प्रोग्राम मी प्रत्येक कम्प्यूटरवर चालवून पाहिला. कुठंच अडकत नाही. पुण्यातल्या एका जाणकारांना विचारलं. मेमरीचा दोष असेल, म्हणाले. मग आता का अडकत नाही? पण मला झोपू देत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. नकाशा चुकीचा होता. पहिल्याच फटक्यात आला असता, तर उतरा म्हणून मीच सांगितलं असतं.

यंत्र अडलं की कारण असतंच, हे वाक्य आता मी वर्गात म्हणत नाही. अण्णांनी रानाच्या दुसऱ्या टोकाला नवी जागा धरली आहे. मॅडमनी तिथली रीडिंग आणून दिलीत. "कवा देतोस नकाशा?" अण्णांचा रोज फोन येतो, आणि मी काहीतरी सबब सांगतो. एखादा तुकडा अडकला, तर त्यांना थांबवता येईल. पण सगळे तुकडे सुरळीत चालले तर?