मुकुंदवाडीचा मुक्काम

आबांच्या घशाचं ऑपरेशन मुंबईला ठरलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गाठ निघेल, पण तिच्यासोबत आवाजाची पेटीही काढावी लागेल. माणूस राहील, बोलणं राहणार नाही. मी हे आबांना कसं सांगावं याचा विचार करत बाहेर आलो, तर आबा बाकावर बसून होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आयकलं मी. दार उघडंच होतं."

आबा आमच्या पाचोडच्या मोसंबीच्या बाजारात लिलाव पुकारायचे. मोसंबीच्या ढिगाशेजारी उभं राहून त्यांनी भाव पुकारला की रस्त्याच्या पलीकडच्या हॉटेलात बसलेला व्यापारी चहा ठेवून यायचा. त्याच आवाजावर आमचं घर चाललं आणि त्याच आवाजावर मी बी. ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला. पुढे गावातल्याच खासगी शाळेत लागलो, तेव्हापासून आबा मला नावानं हाक मारत नसत. "मास्तर" म्हणत. चारचौघांत जरा जास्तच मोठ्यानं म्हणत. घरात काही लिहायचं, भरायचं, विचारायचं असलं की ते काम मास्तरांचं. त्यामुळे मुंबईचं सगळं माझ्याकडे आलं. दवाखान्याचे कागद मी जमवले, गाडीचं तिकीट मी मोबाइलवर काढलं.

मुंबईची रेल्वे संभाजीनगरहून सकाळी लवकर होती. पाचोडहून पहिल्या एसटीनं निघूनही ती मिळाली नसती. म्हणजे आदल्या दिवशी संभाजीनगरात मुक्काम करणं भाग होतं.

खरं तर यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच. माझी थोरली बहीण, ताई, शहरात पदमपुऱ्यात राहते. तिच्या दारातून मोठं स्टेशन चालत दहा मिनिटांवर. पण ताईच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि तिला मूलबाळ नव्हतं. आमच्याकडे जुनी रीत आहे. लेकीला लेकरू होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. बहुतेकांनी ती कधीच सोडून दिली. आबांनी धरून ठेवली होती. त्यांचे वडील तर आत्याच्या गावाला जाताना पाण्याचा तांब्या घरून भरून नेत, कारण ते तिच्या गावच्या शिवेतलंही पाणी पीत नसत. आबा ते अभिमानानं सांगायचे.

नऊ वर्षांत आबा ताईच्या घरी एकदाही गेले नव्हते. जायचं, बसायचं आणि पाण्याचा तांब्या परत फिरवायचा, त्यापेक्षा न गेलेलं बरं, असं ते म्हणत. ताई दिवाळी-पंचमीला माहेरी यायची तेव्हा तिला शेजारी बसवून घेत.

मी हिंमत करून म्हणालो, "आबा, आता हे असलं काही बघू नका. ताईकडं राहू. ती वाट बघतीय."

"नऊ वर्सं पाळलं, आन आता आजारी पडलो म्हणून मोडू? तिला काय वाटंल? बापानं आशा सोडली आसं वाटंल."

मी खिशातून मोबाइल काढला.

मग आम्ही दोघं ओसरीवर मोबाइलचा नकाशा घेऊन बसलो. मी एकेक वस्ती सांगायचो आणि आबा ती नाकारायचे. स्टेशन रोडचं लॉज?

"पदमपुरा त्याला लागूनच. तिची शीव ती."

उस्मानपुरा?

"तिथून ती भाजी आनती. जिथली भाजी खाती ते तिचंच गाव."

"सिडको तरी चालंल का? तिच्यापासून लई लांब हाय."

"तिची नणंद दिलीय ना तिथं? सोयऱ्याच्या दारात जाऊन लॉजवर झोपू व्हय? काय म्हणतील लोक?"

मला हसू आलं. आबांनाही आलं, पण हसताना घसा दुखला आणि ते थांबले. मग बराच वेळ नकाशाकडे बघून म्हणाले, "मुकुंदवाडी बघ. ती येगळी. आधी वाडीच होती ती. तिचा मारुती येगळा, तिचा पार येगळा. शहर नंतर येऊन चिकटलं तिला."

मी नकाशात बघितलं. बीडकडून येणारी आमची एसटी जालना रोडनं शहरात शिरते, त्याच रस्त्यावर मुकुंदवाडी. जवळच लॉज होतं. आणि लॉजपासून थोड्याच अंतरावर लिहिलेलं होतं, मुकुंदवाडी रेल्वे स्टेशन. रुळाची काळी रेघ बोटानं पुढे नेली तर ती मोठ्या स्टेशनला आणि तिथून मनमाडकडे जात होती. आमची गाडी जालन्याकडून येणार, म्हणजे आधी मुकुंदवाडीवरूनच जाणार. मला इतका आनंद झाला की मी आबांच्या मांडीवर थाप मारली.

"आबा, तुमच्या गावाला स्वतःचं स्टेशन पण हाय. तिथंच बसू गाडीत. शहरात जायचंच नाय."

"बघ," आबा म्हणाले, "मास्तर झाल्याचा फायदा."

मी तोवर लांबच्या गाडीत कधीच बसलो नव्हतो. शाळा गावात, कॉलेज पैठणला, सगळा जन्म एसटीत गेलेला. एसटीचं तिकीट कुठलंही असो, वाटेत थांबा असला की माणूस चढतो. थांबा नसला तरी ड्रायव्हर ओळखीचा असेल तर हात केल्यावर थांबवतो. रेल्वेचं स्टेशन आहे आणि तिथं गाडी थांबत नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. तिकिटावर मोठ्या स्टेशनचं नाव होतं, ते मी वाचलं होतं. मला वाटलं, एक स्टेशन आधी चढलो तर कोण काय म्हणणार.

संध्याकाळी उजेड असतानाच आम्ही मुकुंदवाडीला उतरलो. लॉजची खोली बरी होती. खिडकीतून जालना रोडचा आवाज येत होता. आबांनी घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायलं, भाकरी दुधात कुस्करून हळूहळू गिळली. दोन दिवसांपासून ते जवळजवळ बोलतच नव्हते. मला वाटायचं भीतीनं असेल. लॉजवर विचारलं तर कुजबुजत म्हणाले, "आज बोललो की उद्या घसा उठत नाय. उद्या ताईशी बोलायचंय मला. तिच्यापुरता ठेवलाय."

ताईला त्या संध्याकाळी येता येत नव्हतं. दाजी वाळूजच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला गेलेले, आणि तिची सासू अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. तिला एकटं सोडता येत नसे. ताईचाच फोन आला.

"सकाळी हे घरी असतात, मी रिक्षानं येते. आबांशी दोन शब्द बोलते. कुठल्या स्टेशनवर येऊ?"

"मुकुंदवाडीच्या."

"तिथं थांबती का रे ती गाडी? मी तर इथंच थांबलेली बघते रोज."

"स्टेशन हाय म्हटल्यावर थांबंल ना ताई."

"बरं बाबा. तुला कळतं त्यातलं."

स्टेशनशेजारी नऊ वर्षं राहिलेली माझी बहीण असं म्हणाली, आणि मी तसं म्हणू दिलं.

पहाटे आम्ही स्टेशनवर गेलो. फलाटावर दोघं-तिघं मजूर डबे घेऊन बसलेले, एक बाई पिशवीवर डोकं टेकून डुलक्या घेत होती. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि टोपी दोनदा नीट केली. ते फाटकाच्या दिशेला तोंड करून बसले, ताई तिकडून येणार म्हणून. रेल्वेचा एक कर्मचारी हिरवी झेंडी काखेत धरून आला तेव्हा मी त्याला सहज विचारलं, मुंबईच्या गाडीचा डबा कुठं येतो.

"मुंबईची? ती इथं नाय थांबत."

"म्हणजे?"

"म्हणजे इथं पॅसेंजर थांबती. तुमची गाडी सरळ मोठ्या स्टेशनला."

मी काय विचारलं ते आठवलं की अजून मान खाली जाते. मी म्हणालो, "हात केला तर?"

तो माणूस वाईट नव्हता. हसला, पण लगेच म्हणाला, "साहेब, ही काय एसटी हाय का? पळा. रिक्षा धरा. मिळंल अजून."

आबांचा हात धरून मी रस्त्यावर आलो. रिक्षावाल्याला गाडीचं सांगितलं तर त्यानं कपाळाला हात लावला. "बंबई की गाडी पकडने कू मुकुंदवाडी में कौन रुकता भई? बैठो चचा, बैठो, पहुंचाता मैं." त्यानं खरंच पोचवलं. कुठले चौक गेले मला कळलं नाही. मी एका हातानं आबांना धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं ताईला फोन लावत होतो. वाजत होता, उचलत नव्हती. तीही त्या वेळी रिक्षात होती, फोन पिशवीत होता. जालना रोडवर कुठंतरी आम्ही एकमेकांना ओलांडून गेलो असणार.

आम्ही फलाटावर पोचलो आणि गाडी शिरली. डबा सापडला, मी आबांना दारात चढवलं, तेवढ्यात ताईचा फोन आला.

"अरे, गाडी थांबलीच नाय! माझ्यासमोरून गेली. तुम्ही कुठं आहात?"

"तुझ्या स्टेशनवर," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो.

आबांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. दुसऱ्या कानावर हात दाबला, दाराच्या दांड्याला टेकले आणि बोलायला लागले. मी बॅगा आत सरकवत होतो. वर भोंग्यातून तीन भाषांत सूचना चालू होत्या, चहावाला ओरडत होता, मग गाडीनं शिट्टी दिली. आबांच्या मानेच्या शिरा मला दिसत होत्या. ते बरंच बोलले. एखादं वाक्य नव्हे. दोन दिवस साठवलेलं सगळं त्यांनी बोलून टाकलं, आणि गाडी हलली तसा फोन माझ्याकडे दिला.

"ताई?"

ती रडत होती. "काहीच कळलं नाय रे. नुसती घरघर. परत सांगायला लाव ना."

मी आबांकडे बघितलं. त्यांनी घशाला हात लावला आणि मान हलवली. लासूर गेलं, मनमाड गेलं, घसा उठला नाही. मुंबईला पोचलो त्या दिवशी श्वास अडकायला लागला म्हणून डॉक्टरांनी लगेच गळ्यात नळी बसवली, आणि चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. आबांना सहीपुरतंच लिहिता येतं. कागदावर लिहून सांगा असं म्हणण्याचीही सोय नव्हती.

दीड महिन्यानं परत आलो तेव्हा ताई फलाटावर उभी होती. तिनं आबांचा हात धरला आणि घराकडे चालायला लागली. आबांनी हात सोडवला नाही. आता त्यांना पाणीसुद्धा नाकातल्या नळीनं द्यावं लागत होतं, आणि ते मी बरोबरच्या बाटलीतून देत होतो. रीत मोडायची म्हटली तरी ती मोडायला तोंड उरलं नव्हतं.

ताईच्या घरात ते पहिल्यांदा बसले. भिंती बघितल्या, सासूबाईंच्या खाटेकडे बघून हात जोडले. ताई त्यांच्या पायाशी बसली आणि तिनं विचारलं, "आबा, त्या दिवशी फोनवर काय म्हणत होता?"

आबांचे ओठ हलले. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांनी परत सगळं सांगितलं. आवाज अजिबात नव्हता. मध्ये एकदा त्यांनी माझ्याकडे बोट केलं, एकदा तिच्या डोक्यावर हात ठेवला. ताई प्रत्येक वेळी मान हलवत होती. "हां आबा. व्हय आबा. कळलं."

ती चहा करायला आत गेली तेव्हा मी मागे गेलो. तिनं गॅस पेटवला नव्हता. हळू आवाजात म्हणाली, "तुला कळलं का काही?"

"नाय."

"मला बी नाय," ती म्हणाली, आणि तोंड पुसून पुन्हा बाहेर जाऊन त्यांच्यापाशी बसली.