हुशार दीक्षा आणि मी

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. मोबाइलवरच्या शाळेत वर्षभर मी चौथीच्या वर्गात नेमकं कुणाला शिकवत होते, हे मला वर्ष संपल्यावर कळलं. आणि मी कोण? पोराच्या चेहऱ्यावरून पोट दुखतंय की गृहपाठ राहिलाय, हे ओळखणारी बाई!

पण चेहराच दिसत नसेल तर ओळखणार काय? निम्मी मुलं गायब, उरलेल्यांचा आवाज तुटक. त्यात एक दीक्षा. कॅमेरा बंद, माईक बंद, पण प्रश्न विचारला की उत्तर लिहून हजर. गृहपाठाचा फोटो रोज दुपारी यायचा, अक्षर टपोरं. मी त्यावर स्टार काढून पालकांच्या ग्रुपवर टाकायची. शिक्षकांच्या बैठकीत तर ऐटीत सांगितलं, शिकवणारी चांगली असली की मोबाइलवरही मुलं शिकतात. प्रगतिपत्रकावर लिहिलं, 'पाचवीसाठी पूर्ण तयार.'

कोरोनाची बंधनं सैल झाल्यावर खाऊ घेऊन लाटंबार्सेला तिच्या घरी गेले. पोर खूश. पाचवीचं पुस्तक उघडून म्हटलं, वाच बघू. तिनं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि बोट तिथेच राहिलं. मला वाटलं, लाजली. मग चौथीचं दिलं, तिसरीचं दिलं. बोट हलेना, डोळे मात्र भरले.

दारातून तिची आई सुगंधा पुढे आली. "बाई, तिका बोलू नकात. ता सगळा मी लिवलंय."

हळूहळू सगळं बाहेर आलं. घरात रेंज नाही. रेंज फक्त डोंगरावरच्या काजूच्या बागेत, जिथे सुगंधा रोज कामाला जाते. मोबाइल तिच्याबरोबर वर, दीक्षा धाकट्या भावाला सांभाळत खाली. आधी ती लेकीसाठी नुसतं उतरवून घ्यायची. संध्याकाळी शिकवू म्हणायची, पण चूल आवरेपर्यंत पोर झोपलेली. मग गैरहजेरी लागेल म्हणून उत्तरं दिली, आणि स्टार मिळायला लागले. तिची स्वतःची शाळा चौथीतच सुटली होती. स्टारचं सांगताना तिनं मान खाली घातली, आणि मला तिचा रागच येईना.

"आता तिका चौथीतच ठेवतलात?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, चूक माझी आहे. वर्षात एकदाही मी या पोरीला, माईक लाव आणि वाचून दाखव, असं म्हटलं नाही. सुट्टीभर आठवड्यातून तीनदा येईन, दीक्षाला वाचायला शिकवूनच पाचवीत पाठवीन. दीक्षा लगेच येऊन मला चिकटून बसली.

आता गप्प बसावं की नाही? पण खोड जात नाही. निघताना मी सुगंधाला विचारलंच, "बरं, माझं शिकवणं तुम्हाला तरी नीट समजलं ना?"

तिनं प्रामाणिकपणे विचार केला. "भागाकार माका अजून समजाक नाय, बाई. तुमी खूप बेगीन पुढे जातात."

मी चप्पल काढली आणि परत आत येऊन बसले.